पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं, आणि त्याचा झटका कसा आवरायचा?

एडिसनचा_पांडू (धागाकर्ता)

उद्देश एकच, रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडणे. कमरेला लावून फिरायचं नाही, उशीखाली ठेवायचं नाही. आम्ही दोघं नवराबायको जाणार. ग्रीन कार्ड आहे. रेंजवर भाड्याने ग्लॉक १९ वापरलं, दोघांच्याही बहुतेक गोळ्या खाली डावीकडे. दुकानदार म्हणतो, "वहिनींसाठी" छोटं, हलकं ९ एमएम घ्या, हातात मावेल. यूट्यूबवर निम्मे म्हणतात .२२ (बारीक गोळीचं, कमी झटक्याचं) घ्या, निम्मे म्हणतात ते पोरखेळ आहे. आणि झटका आवरायला मनगटं मजबूत करायला हवीत का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

मृणाल_ऑस्टिन

पिस्तुलाआधी व्हिसाचं बोलू. ग्रीन कार्ड आहे म्हणून तुमचं ठीक आहे, पण धागा वाचणारे निम्मे लोक एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ वर असतील. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने अशा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. "बाळगणे" यात रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेणंही येतं. अपवाद थोडे आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. काउंटरवरच्या पोराने विचारलं नाही म्हणजे चालतं, असा अर्थ होत नाही. पकडले गेलात तर जाणारा व्हिसा तुमचा असतो.

ग्रीन कार्डवाल्यांनी दुकानात फॉर्म ४४७३ (खरेदीच्या वेळचा फेडरल फॉर्म) भरताना कार्डावरचा नंबर जवळ ठेवा. त्याच फॉर्मवर गांजाचा प्रश्न आहे. राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल नियमाने नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

एडिसन म्हणजे न्यू जर्सी. तिथे प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट लागतं. दोघांसाठी दोन घ्यायची असतील तर कागदपत्रांना आत्ताच लागा. मॅगझिनला (गोळ्या भरायच्या डबीला) १० गोळ्यांची मर्यादा. पेनसिल्व्हेनियात स्वस्त मिळतं म्हणून तिकडून सरळ उचलून आणता येत नाही. दुसऱ्या राज्यातलं पिस्तूल तुमच्या राज्यातल्या लायसन्सधारक दुकानातूनच हातात येतं.

बे_एरियातला_बंडू

कॅलिफोर्नियाकरांसाठी पुरवणी: आधी सेफ्टी सर्टिफिकेटची लेखी परीक्षा, पैसे भरल्यावर १० दिवस थांबायचं, आणि दुकानात नवं पिस्तूल राज्याच्या रोस्टरवर, म्हणजे मंजूर यादीवर, असलेलंच मिळतं. त्यामुळे इथल्या धाग्यांवर जे मॉडेल सुचवलं जाईल ते रोस्टरवर आहे का हे आधी बघा, मग प्रेमात पडा.

लोखंडी_तवा

आता मुद्द्याचं. दुकानदाराचा सल्ला उलटा आहे. कसा, ते गणिताने दाखवतो. गणित आठवीचंच आहे.

९ एमएमची साधी ११५ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ७.५ ग्रॅम. नळीतून सुटते ३५० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायू जातो, तोही जोडीला धरला तर एकूण संवेग सुमारे ३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तेवढाच संवेग उलट्या दिशेने पिस्तुलाला मिळतो, न्यूटनची त्यात काही सवलत नाही. आता हा ३ वेगवेगळ्या वजनांना वाटून बघा (रिकाम्या मॅगझिनसकट वजन धरलंय):

सिग पी३६५ सारखं छोटं, अर्धा किलो: मागे येण्याचा वेग ६ मीटर प्रति सेकंद, ऊर्जा ९ जूल.
ग्लॉक १९, सुमारे ६८० ग्रॅम: ४.४ मीटर, साडेसहा जूल.
सीझेड ७५ बी, पोलादी, १ किलो: ३ मीटर, साडेचार जूल.
रुगर मार्क ४ टार्गेट, .२२, सुमारे १.२ किलो: ०.८ मीटर, ०.४ जूल.

म्हणजे त्याच काडतुसाला छोटं पिस्तूल पोलादी पिस्तुलाच्या दुप्पट लाथ मारतं. छोटं पिस्तूल हे लपवून वावरायला सोयीचं म्हणून बनवलेलं असतं, झाडायला सोयीचं म्हणून नव्हे. शिवाय दस्ता आखूड, त्यामुळे करंगळी खाली लोंबकळते. नळी आखूड, म्हणून आवाज आणि जाळ जास्त. आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं (साइट्समधलं) अंतर कमी, म्हणून नेम धरताना झालेली बारीकशी चूक कागदावर मोठी दिसते. नवशिक्याला, मग तो पुरुष असो वा बाई, यातलं एकही नको असतं.

माझं मत: पैसे एकाच पिस्तुलाचे असतील तर पूर्ण आकाराचं ९ एमएम. दोनाचे असतील तर आधी .२२.

कावळा_बसला

तवासाहेब, गणित मान्य, पण किलोभर लोखंड हात लांब करून धरायचं म्हणजे तिसऱ्या मॅगझिनला हात थरथरायला लागतात. सीझेड शॅडो २ तर १.३ किलोच्या वर आहे. प्लास्टिकच्या फ्रेमला एवढी नावं ठेवायला नकोत. ग्लॉक १७, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी २.०, वॉल्थर पीडीपी, यांवर लोक वर्षानुवर्षं स्पर्धा जिंकतायत.

लोखंडी_तवा

थरथर वजनाने कमी आणि खांदे कानाला लावून उभं राहिल्याने जास्त होते. पाच गोळ्या झाल्या की पिस्तूल छातीपाशी घ्या किंवा टेबलावर ठेवा, दोन श्वास घ्या. सगळं मॅगझिन एका दमात रिकामं करायला कुणी सांगितलंय?

पण तुमची यादी बरोबर आहे, या तिघांतलं कुठलंही चालेल. ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही. हाताला बसतंय का, एवढंच बघायचं.

सुमेधाताई

हाताला "बसणं" म्हणजे काय ते सांगते, कारण दुकानात लोक नुसतं मुठीत धरून "वा, मस्त" म्हणतात.

आधी विक्रेत्याकडून मॅगझिन काढून, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याचं दाखवून घ्या. मग स्वतः बघा. तळहाताचं जे बेचकं आहे, अंगठा आणि तर्जनीमधलं, ते दस्त्याच्या मागे जितकं वर जाईल तितकं वर चढवा. नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत हवा. आता तर्जनी चापावर ठेवा. पहिल्या पेराचा मधला गुबगुबीत भाग चापाच्या मधोमध यायला हवा. बोट पोचावं म्हणून मनगट फिरवून पिस्तूल अंगठ्याच्या बाजूला सरकवावं लागत असेल, तर दस्ता मोठा आहे. मग प्रत्येक झटका अंगठ्याच्या सांध्यावर बसतो. आणि बोटाचं दुसरं पेर चापापर्यंत जात असेल तर दस्ता लहान.

बऱ्याच पिस्तुलांबरोबर दस्त्याची मागची पाठ बदलायचे तुकडे येतात. एम अँड पी २.० ला चार मापांचे येतात. नवरा-बायको एकच पिस्तूल वापरणार असाल तर हे बघाच, तुकडा बदलायला मिनिटभर लागतं.

दुसरं, स्लाइड ओढून बघा. ताई, "माझ्या हातात ताकद नाही" हे मनातून काढा. डाव्या हाताने स्लाइड मागे खेचत बसू नका. पिस्तूल पोटाजवळ घ्या, नळी समोरच, डाव्या हाताने स्लाइड वरून घट्ट धरा आणि उजव्या हाताने दस्ता पुढे ढकला. वरवंटा पुढे लोटताना जोर जसा अंगातून येतो तसा इथे येतो. तरी जड जात असेल तर शील्ड ईझेड सारखी मुद्दाम सैल स्प्रिंगची पिस्तुलं आहेत. पण लक्षात ठेवा, ती हलकी आहेत, म्हणजे तवासाहेबांच्या गणितात पुन्हा सापडलात.

तिसरं, धातूच्या फ्रेमच्या पिस्तुलांत पहिला चाप लांब आणि जड असलेली बरीच असतात. सीझेड ७५ बी, बेरेटा ९२ ही त्यातली. घोडा (मागचा हॅमर) खाली असताना पहिली ओढ चार-पाच किलोची, दुसरीपासून निम्म्याहून कमी. रेंजवर घोडा मागे चढवूनच सुरुवात केली तर हा प्रश्न येत नाही.

एडिसनचा_पांडू

हे सगळं दुकानात कुणी सांगितलं नव्हतं, आभारी आहे. पण "खाली डावीकडे" चं काय? झटक्याने नळी वर उडते, मग गोळी वर जायला हवी ना?

सुमेधाताई

हाच सगळ्यात कामाचा प्रश्न. झटक्याने नळी वर उठते तोवर गोळी नळीतून गेलेली असते. तुमची गोळी खाली गेली कारण तुम्ही झटका येण्याआधीच त्याच्याशी झुंजायला लागलात. चाप सुटणार असं मेंदूला कळलं की तो मनगट खाली दाबतो, मूठ आवळतो, डोळे मिटतो. म्हणजे तुम्ही झटका आवरत नव्हतात, दचकत होतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मनगटाच्या व्यायामाने दचकणं जात नाही.

डावीकडे का? आत्ता उजवी मूठ अर्धवट मिटा आणि तर्जनी झटकन आत ओढा. बाकीची तीन बोटंही आपोआप आत गेली ना? तसंच पिस्तुलावर होतं. गाय पिळताना जशी सगळी बोटं चालतात तशी चालतात, आणि नळीचं तोंड खाली-डावीकडे वळतं. डावखुऱ्यांचं खाली-उजवीकडे.

खात्री करून घ्यायची तर चाचणी सोपी. नकली काडतुसं मिळतात, स्नॅप कॅप म्हणतात, प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची. जोडीदाराला सांगा, मॅगझिनमध्ये पाच खरी आणि दोन नकली, तुम्हाला न दाखवता, मधे कुठेही भरायची. नकलीवर चाप पडला, "टक" झालं, आणि त्या क्षणी माशी खाली डुबकी मारताना दिसली, की समजा रोग सापडला. (माशी म्हणजे पुढची साइट, आजोबांच्या काळचा शब्द.)

लोखंडी_तवा

यात एक आकडा घालतो. ग्लॉकचा चाप साधारण अडीच किलोचा, पिस्तूल ६८० ग्रॅमचं. म्हणजे चापाचा जोर पिस्तुलाच्या वजनाच्या साडेतीन पट. पिस्तूल हातात नीट जखडलेलं नसेल तर बोट चापाला मागे आणत नाही, आख्ख्या पिस्तुलालाच हलवतं. लोक नवा चाप बसवून घ्यायला धावतात. आधी डावा हात कामाला लावा, तो फुकट आहे.

करवीरकर

इकडची बाजू मांडतो. भारतात ९ एमएम सर्वसामान्यांना प्रतिबंधित बोअर, म्हणजे मनाई असलेलं माप, आहे, त्यामुळे आपल्याकडे पिस्तूल नेमबाजीचा पाया एअर पिस्तूल आणि .२२. आणि तो पोरखेळ नाही. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं ते २५ मीटरच्या .२२ पिस्तुलावरच.

या प्रकाराचे नियम वाचले तर झटक्याबद्दल बरंच कळतं. पिस्तूल जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, चाप कमीत कमी १००० ग्रॅम. तवासाहेबांच्या गुणोत्तराला लावून बघा, चाप आणि पिस्तूल जवळजवळ सारख्याच वजनाचे. पकड एका हाताची. रॅपिड फेरीत लक्ष्य ३ सेकंद समोर, ७ सेकंद बंद, अशा पाच वेळा. दर वेळी हात ४५ अंशांवर खाली, तिथून वर आणून एकच गोळी. यात ताकदीला कुणी विचारत नाही. बघतात ते एवढंच, की झटक्यानंतर माशी सरळ वर जाऊन सरळ खाली, होती तिथेच परत येते का. ती तिरकी गेली तर पकड वाकडी. वर गेली आणि आपोआप न उतरता तुम्हाला ओढून आणावी लागली तर मनगट सैल.

हे वळण .२२ वरच लागतं. कारण झटका एवढा कमी की डोळे उघडे राहतात आणि माशीचा प्रवास दिसतो. ९ एमएमवर सुरुवात करणाऱ्याला जाळ आणि धूर दिसतो, माशी दिसतच नाही.

अवांतर: पुण्यात बालेवाडीला नवी पोरं पाहिलीत तर आधी बराच काळ एअर पिस्तुलावर, तेही कोऱ्या कागदावर, मारत असतात. कोऱ्या कागदावर का, याचं उत्तर स्वतः शोधा.

मृणाल_ऑस्टिन

कोरा कागद म्हणजे लक्ष्यच नाही, म्हणून सगळं लक्ष माशीवर आणि चापावर. बरोबर?

करवीरकर

शंभर टक्के.

कावळा_बसला

.२२ ची तक्रारही नोंदवा. स्वस्तातल्या सुट्ट्या .२२ गोळ्या सारख्या अडकतात. काडतुसाची कड एकमेकांवर चढते, मेणाचा थर चेंबरमध्ये साचतो, आणि ठिणगी पाडणारा मसाला (प्रायमर) कडेत भरलेला असल्याने मधूनच एखादी पेटत नाही. पिस्तूल खराब समजून लोक परत करायला जातात. आधी ४० ग्रेनची, तांब्याचा मुलामा असलेली, जरा बरी गोळी वापरून बघा. दर दोन-तीनशे गोळ्यांनी चेंबरला ब्रश मारा. बऱ्याचशा तक्रारी तिथेच मिटतात.

आणि .२२ चा चाप रिकाम्यावर ओढायचा की नाही हे त्या त्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत बघा. काहींत फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि खाच पडते. मार्क ४ मध्ये ती अडवलेली असते, चालतं.

सुमेधाताई

आता पकड. सावकाश वाचा आणि रिकाम्या पिस्तुलावर करून बघा. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

उजवा हात: बेचकं दस्त्यामागच्या वळणात वरपर्यंत, मधे फट नको. फट म्हणजे नळी उचलायला मिळालेली फुकटची तरफ. तीन बोटं दस्त्याला पुढून, चापाच्या कड्याखाली चिकटून. तर्जनी बाहेर फ्रेमवर सरळ.

आता दस्त्याची डावी बाजू बघा, तिथे उघडी जागा दिसेल. ती जागा डाव्या तळव्याच्या टाचेची, म्हणजे अंगठ्याखालच्या मांसल भागाची. आधी ती तिथे घट्ट बसवा, मग डावी बोटं उजव्या बोटांवर गुंडाळा. डावं मनगट पुढे-खाली झुकलेलं हवं, अंगठा लक्ष्याकडे. दोन्ही अंगठे डाव्या बाजूला, एकावर एक, पुढे रोखलेले.

डाव्या हाताने जास्त आवळा, उजव्याने जरा कमी. जोर उलटा लावला की चापाचं बोट आखडतं.

आता चुका. डावा हात खालून बशीसारखा धरणे, म्हणजे कपबशी पकड. चहाला ठीक, पिस्तुलाला बिनकामाची. बशीने कप वर उडायचा थांबत नाही. डावा अंगठा उजव्या हाताच्या मागून आडवा टाकणे ही धोकादायक. स्लाइड मागे येताना अंगठ्याचं बेचकं सोलून काढते, टाके पडतात. आणि उजवा अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडवणाऱ्या खटक्यावर) दाबून बसला तर शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही. लोक मग पिस्तुलाला दोष देतात.

रिव्हॉल्व्हरला यातलं पुढे रोखलेल्या अंगठ्यांचं चालत नाही. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम वायू बाजूला फेकला जातो, अंगठा भाजतो. तिथे अंगठे मागे, एकावर एक मुडपून.

उभं राहणं: बंद पडलेली रिक्षा ढकलताना उभे राहता तसे. पाय खांद्याएवढे फाकलेले, एक किंचित मागे, गुडघे सैल, नाक बोटांच्या पुढे. नवशिके बरोबर उलटं करतात, कडेवर पोर घेतल्यासारखं कंबरेतून मागे झुकतात. मग प्रत्येक गोळीला टाचांवर जातात. कोपरं किंचित सैल ठेवा, खांदे खाली.

बरोबर जमलंय का कसं कळेल? ५ यार्डांवर पाच गोळ्या मारा आणि हात न हलवता पिस्तुलाकडे बघा. पहिल्या गोळीच्या वेळची पकड तशीच असेल तर झालं. मधेच एकदा तरी पकड सावरावी लागली असेल तर डाव्या तळव्याची टाच दस्त्यावर नव्हतीच.

लोखंडी_तवा

+१. आणि तळवे घामाचे असतील तर जिममधला लिक्विड चॉक लावा. दस्त्याला खरखरीत टेप चिकटवला तरी फरक पडतो. नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर (वायू वर फेकून नळी खाली दाबणारा तुकडा), जड स्प्रिंग, टंगस्टनचा गाईड रॉड (स्प्रिंगमधली दांडी), हे सगळं पकडीनंतरचं. स्प्रिंग उगाच जड केली तर हलक्या गोळ्यांवर स्लाइड पुरती मागेच जात नाही. शिवाय बंद होताना नळीचं तोंड खाली आपटतं.

तिरपा_डोळा

गोळीचं वजन कितपत फरक पाडतं? १४७ ग्रेनची "मऊ" लागते म्हणतात.

लोखंडी_तवा

स्पर्धेत संवेग मोजायची एक सोपी रीत आहे, पॉवर फॅक्टर. ग्रेन गुणिले फूट प्रति सेकंद, भागिले हजार. ११५ ग्रेन ११५० ला आणि १४७ ग्रेन ९०० ला, दोन्ही १३२ च्या आसपास. म्हणजे गोळीचा संवेग सारखाच. पण १४७ ला दारू कमी लागते, मागून जाणारा वायू कमी, आणि झटका "ठण्ण" न येता "ढुप" येतो. आवाजाच्या वेगाखाली असल्याने गोळीचा कडाकाही नाही. सुरुवातीला दोन्ही डबे आणून आलटून पालटून मारा. फक्त १४७ महाग पडते, म्हणून तिच्यावर सवय लावायची का ते खिशाला विचारून ठरवा.

डब्यावर +पी किंवा नाटो (म्हणजे जास्त जोराच्या गोळ्या) लिहिलेलं नको. कागद त्याने जास्त फाटत नाही.

कावळा_बसला

अडकण्याबद्दल दोन शब्द, कारण त्यातली अर्धी अडकणी झटक्याशीच जोडलेली असतात. रिकामं काडतूस बाहेर न पडता स्लाइडमध्ये धुराड्यासारखं उभं राहिलं, तर आधी मनगट तपासा. स्लाइड मागे जायला फ्रेम जागेवर थांबलेली लागते. मनगट सैल असेल तर फ्रेमही मागे येते, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो, काडतूस अडकतं. हलक्या पिस्तुलांत हे जास्त. तेच पिस्तूल दुसऱ्याच्या हातात बिनतक्रार चालत असेल तर दोष कुणाचा ते कळलंच.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही: नळी समोरच ठेवून ३० सेकंद थांबा, मग स्लाइड ओढा. उशिरा पेटणारी गोळी असू शकते.

आणि आवाज नेहमीसारखा न होता नुसतं "फुस्स" झालं, झटकाच जाणवला नाही, तर लगेच थांबा. पुढची गोळी मारायचीच नाही. पिस्तूल रिकामं करा, रेंज ऑफिसरला बोलवा, नळीत गोळी अडकलीय का बघून घ्या. अडकलेल्या गोळीमागे दुसरी मारली की नळी फुगते किंवा फुटते. झटक्याकडे लक्ष द्यायचं हेही एक कारण आहे बरं.

मृणाल_ऑस्टिन

कान! दचकण्याचं निम्मं कारण झटका नसून आवाज असतो, हे कुणी लिहिलंच नाही. बंदिस्त रेंजमध्ये ९ एमएम १६० डेसिबलच्या घरात जातं, आणि १४० च्या वरचा आवाज एका दणक्यात कानाला इजा करू शकतो. आत फोमचे बोळे, वरून मफ, दोन्ही लावा. बोळा वळून, बारीक करून, कान वर ओढून आत घालायचा. नुसता दारात टेकवला तर काही उपयोग नाही. दोन्ही लावल्यावर बऱ्याच जणांच्या गोळ्या पकड न बदलताच वर सरकतात.

चष्मा, टोपी, आणि बंद गळ्याचा शर्ट. गरम काडतूस गळ्यातून आत गेलं की माणूस नाचतो, आणि नाचताना हातात भरलेलं पिस्तूल असतं. असं झालंच तर आधी नळी समोर ठेवून पिस्तूल खाली ठेवा, मग काय नाचायचं ते नाचा.

शिसं विसरू नका. रेंजवर खाणं-पिणं नाही. हात-तोंड गार पाण्याने साबण लावून धुवायचं. घरात रांगतं पोर असेल तर ते बूट दाराबाहेर.

एडिसनचा_पांडू

ठरलं, आधी .२२. पहिल्या काही फेऱ्यांत नेमकं काय करायचं?

सुमेधाताई

चार गोष्टी दाराबाहेरच पाठ हव्यात. पिस्तूल कायम भरलेलं समजायचं. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याकडे नळी वळवायची नाही. माशी लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य काय आणि त्यामागे काय, ते माहीत हवं.

घरी आठवड्यातून चार दिवस, दहा मिनिटं. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या. चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा. मागे पक्की भिंत. माशीवर एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं बारीक नाणं, आडवा ठेवायला जोडीदाराला सांगा. तो न पडता वीस वेळा चाप ओढता आला पाहिजे. संपलं की मोठ्याने म्हणा "झालं", पिस्तूल कुलपात. "आणखी एकदाच" म्हणत गोळ्या भरल्यावर ओढलेल्या चापानेच भिंतींना भोकं पडतात.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा. नवख्या हातात झटक्याने पिस्तूल उसळतं, घाबरून मूठ आवळली जाते आणि बोटाने दुसरी गोळी आपोआप सुटते, छताकडे. एकच असेल तर तो धोकाच नाही. अशा दहा झाल्या की दोन-दोन, मग पाच-पाच. अंतर ५ यार्ड, लक्ष्य ३ इंचांचं वर्तुळ. पाचही आत आल्याशिवाय ७ वर जायचं नाही. सिनेमातल्यासारखं २५ वर लावून कागद कोरा परत आणण्यात मजा नाही.

९ एमएमकडे वळलात की प्रमाण असं: पन्नास .२२, मग पन्नास ९ एमएम, आणि शेवटी पुन्हा दहा .२२. शेवटची दहा सोडू नका. त्यांत गोळ्या खाली गेल्या तर दचकणं परत घरी घेऊन चाललात. आणि हात थकले की थांबा. पैसे भरलेत म्हणून उरलेला डबा संपवायचा नाही.

तिरपा_डोळा

माझ्यासारख्यांसाठी: उजवा हात पण डावा डोळा जोरकस असेल तर? दोन्ही डोळे उघडे ठेवून, दोन्ही हातांच्या बेचक्यातल्या छोट्या फटीतून भिंतीवरचा दिवा बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो जोरकस. पिस्तुलात याचा बाऊ नको, पिस्तूल इंचभर डावीकडे न्या किंवा मान किंचित वळवा, झालं. हात बदलू नका.

बे_एरियातला_बंडू

रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) लावून घ्यावा का पहिल्याच पिस्तुलाला?

लोखंडी_तवा

झटका वाचायला डॉट उत्तम. ठिपका कुठून वर गेला, कुठे उतरला, लख्ख दिसतं. पण नवशिक्याला उतरलेला ठिपका सापडतच नाही, काचेत शोधत बसतो, कारण पकड अजून एकसारखी नाही. पिस्तूल डॉट बसेल असं कापलेलं घ्या, डॉट नंतर.

मृणाल_ऑस्टिन

एक शेवटचं, धाग्याच्या विषयाला थोडं सोडून, पण आपल्या लोकांनी वाचायलाच हवं. रेंजला जी बॅग नेता ती कधीही भारताच्या प्रवासाला वापरू नका. तळाच्या शिवणीत, बाहेरच्या कप्प्यात, चष्म्याच्या डबीत एखादी .२२ ची गोळी राहते, दिसायला पेनाच्या टोपणाहून लहान. मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये एकच जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. ते चुकून राहिलं हे पटवायला कोर्टापर्यंत जावं लागतं, आणि परतीचं तिकीट त्यासाठी थांबत नाही. जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा. रेंजवर थंडीत सगळेच सुटी गोळी खिशात टाकतात.

एडिसनचा_पांडू

डिसेंबरात पुण्याला जायचंय. आत्ता उठून बॅग बघतो.

एडिसनचा_पांडू

दोन होत्या. बाटलीच्या जाळीत.